इंटरनेट कॉलवर तुमचा पत्ता कोणाला दिसतो?

सातारा/सांगली : व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी’ आणि त्याच्या तळाशी असलेले ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ अशा दोन पायऱ्या उतरल्या, की ‘प्रोटेक्ट आयपी अ‍ॅड्रेस इन कॉल्स’ नावाचे एक बटण सापडते. कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ही सोय जाहीर केली. मात्र ती आपोआप सुरू होत नाही, वापरणाऱ्याने ती स्वतः सुरू करावी लागते. ती बंद असेल, तर दोघांमधील कॉलमध्ये आपल्या इंटरनेट जोडणीचा पत्ता समोरच्याच्या फोनपर्यंत पोहोचू शकतो. संभाषण कुलूपबंद असते, ते वाटेत कोणाला ऐकता येत नाही; परंतु पाकिटावरचा पत्ता उघडाच राहतो. कॉल करताना नाव झाकून चालत नाही आणि क्रमांक तर दिसतोच, मग या आणखी एका पत्त्याचे एवढे काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर समोर कोण आहे, यावर अवलंबून आहे.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांत पसरले आहेत. माण-खटाव आणि पाटणच्या डोंगरी भागातून माथाडी कामगारांच्या कित्येक पिढ्या मुंबईला गेल्या. अपशिंगे मिलिटरीसारखी गावे पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे धाडत आली आहेत. त्यात अलीकडे परदेशी गेलेल्या अभियंत्यांची भर पडली. अशा घरांचा निम्मा संसार फोनवर चालतो. एसटीडी बूथवर रात्री दर उतरण्याची वाट पाहत रांगेत उभे राहण्याचे दिवस अजून पुष्कळांच्या आठवणीत आहेत. आता ते बूथ गेले आणि मिनिटांचा हिशेबही गेला.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. इंटरनेटवरून परदेशी बोलणे भारतात कायदेशीर झाले ते १ एप्रिल २००२ पासून. त्यातही संगणकावरून संगणकावर, किंवा संगणकावरून परदेशातील दूरध्वनीवर एवढीच मुभा होती. देशातल्या देशात इंटरनेटवरून साध्या दूरध्वनीवर कॉल लावण्यास परवानगी नव्हती. ऑगस्ट २००३ मध्ये ‘स्काइप’ आले आणि सायबर कॅफेत कानाला हेडफोन लावून परदेशातील मुलाशी बोलणारे आईवडील हे दृश्य नेहमीचे झाले. २०१५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने आवाजी कॉल आणि २०१६ च्या नोव्हेंबरात व्हिडिओ कॉल सुरू केले. इंटरनेट टेलिफोनीचे परवाना नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये सैल केले आणि त्याच वर्षी ‘बीएसएनएल’ने ‘विंग्ज’ या नावाने सिमकार्डाविना कॉल लावण्याची सेवा बाजारात आणली. तोवर लोकांनी आपली सोय आधीच शोधून घेतली होती.

साध्या मोबाइल कॉलमध्ये हा प्रश्न का उद्‌भवत नाही, हे आधी पाहिले पाहिजे. आज ४-जी वरील साधा कॉलही खरे तर इंटरनेटच्याच पद्धतीने, आवाजाचे तुकडे करून पाठवला जातो. मात्र तो सगळा प्रवास दूरसंचार कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातून होतो. कंपनीची यंत्रणा मध्ये बसलेली असते आणि समोरच्याला दिसतो तो केवळ आपला क्रमांक. फोन कोणत्या मनोऱ्याला जोडलेला आहे किंवा त्याला इंटरनेटवरील कोणता पत्ता मिळाला आहे, याचा पत्ता त्याला लागत नाही.

अ‍ॅपवरील कॉल वेगळ्या वाटेने जातो. बोललेला आवाज साधारणपणे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या तुकड्यांत कापला जातो आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाकिटात भरून रवाना होतो. म्हणजे दर सेकंदाला ५० पाकिटे. दहा मिनिटांच्या बोलण्यात एका बाजूने ३० हजार पाकिटे निघतात आणि प्रत्येकावर ‘कोणाकडून’ आणि ‘कोणाकडे’ असे दोन पत्ते असतात. हे पत्ते म्हणजेच आयपी अ‍ॅड्रेस. पाठवणाऱ्याचा पत्ता पुसून टाकावा म्हटले, तर उत्तराचा आवाज यायचा कुठे?

येथे एक अडचण आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत. ते अपुरे पडू लागल्याने एकाच पत्त्यामागे अनेकांना बसवण्याची युक्ती निघाली. साताऱ्याच्या पेठांतील जुन्या वाड्यांसारखीच ही व्यवस्था आहे. रस्त्यावर दरवाजा एकच, घरक्रमांकही एकच. आत मात्र आठ-दहा बिऱ्हाडे. बाहेरून आलेल्या माणसाला दारावरचा क्रमांक दिसतो, आत कोण राहते ते दरवाज्यावरचा माणूस जाणतो. घरातील वायफायचा राउटर हा असा एक दरवाजा, आणि मोबाइल कंपन्यांनी तर शेकडो ग्राहकांना एका दरवाज्याआड बसवले आहे.

आता समजा, साताऱ्याच्या सदाशिव पेठेतून सांगलीच्या विश्रामबागेत व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागला. दोन्ही फोन आपापल्या वाड्याच्या आत आहेत, दोघांनाही स्वतःच्या दाराचा क्रमांक ठाऊक नाही. म्हणून प्रत्येक फोन प्रथम अ‍ॅपच्या संगणकाला विचारतो, की बाहेरून मी कोणत्या पत्त्यावर दिसतो? या विचारपुशीच्या पद्धतीला तंत्रज्ञ ‘स्टन’ म्हणतात. मिळालेले उत्तर दोघेही कंपनीमार्फत एकमेकांना कळवतात, दोघेही एकाच वेळी दार ठोठावतात आणि जमल्यास थेट वाट खुली होते. नाहीच जमले, तर ‘टर्न’ नावाचा मध्यस्थ संगणक घेतला जातो. तो इकडची पाकिटे घेतो, त्यांवर स्वतःचा पत्ता घालतो आणि पुढे धाडतो. दरवाजे फार कडक असतील, तर कॉल आपसूकच मध्यस्थामार्फत जातो. त्यामुळे अनेकांचे कित्येक कॉल त्यांच्या नकळत आजही झाकलेलेच असतात. व्हॉट्सअ‍ॅपवरील गटाचा कॉल तर नेहमीच कंपनीच्या संगणकांमार्फत जातो. प्रश्न आहे तो दोघांमधल्या कॉलचा.

पत्ता काय सांगतो

आयपी पत्त्यावरून घराचा दरवाजा सापडतो, असे चित्र दूरचित्रवाणीवरील मालिकांनी रंगवले आहे. प्रत्यक्षात सर्वसामान्य माणसाला त्यावरून दोनच गोष्टी कळतात : जोडणी कोणत्या कंपनीची आहे आणि ती साधारण कोणत्या शहराच्या परिसरातील आहे. तेही नेमके नसते. मोबाइल इंटरनेट वापरणाऱ्या साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या माणसाचा पत्ता अनेकदा पुणे किंवा मुंबई दाखवतो, कारण कंपनीचा मोठा दरवाजा तेथे असतो. त्या अर्थाने छोट्या शहरांतील लोकांना एक प्रकारचे आयते पांघरूण मिळाले आहे.

पण ते सर्वांना पुरत नाही. महाविद्यालये, कारखाने, मोठी कार्यालये यांचे पत्ते पुष्कळदा त्यांच्याच नावावर नोंदलेले असतात. तेथील वायफायवरून उचललेला कॉल सरळ संस्थेचे नाव सांगून जातो. घरातील ब्रॉडबँडचा पत्ता कित्येक दिवस बदलत नाही. शिवाय भारतातील इंटरनेटचा निम्म्याहून अधिक वापर आता ‘आयपी व्ही ६’ या नव्या पद्धतीच्या पत्त्यांवरून होतो. त्या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडाच नसल्याने वाड्याची गरज उरत नाही, प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र दार मिळते. पत्त्याचा शेवटचा भाग फोन अधूनमधून बदलतो हे खरे; सुरुवातीचा भाग मात्र त्या जोडणीचाच असतो.

खरा धोका एका पत्त्यात नसून पत्त्यांच्या मालिकेत आहे. हे २०११ मध्ये फ्रान्स, जर्मनी आणि अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने स्काइपच्या बाबतीत दाखवून दिले. समोरच्या माणसाच्या फोनची घंटाही न वाजवता, त्याला काही कळू न देता त्याचा आयपी पत्ता मिळवता येतो, असे त्यांना आढळले. यादृच्छिक निवडलेल्या १० हजार स्काइप वापरकर्त्यांचा त्यांनी दोन आठवडे असा माग काढला. पत्ता सकाळी एका शहरात, संध्याकाळी दुसऱ्या शहरात दिसला, की माणूस प्रवासाला गेला हे उघड होते. पुढे हे काम विनासायास करून देणारी संकेतस्थळेही निघाली, आणि ऑनलाइन खेळांतील हरलेले खेळाडू प्रतिस्पर्ध्याचा पत्ता मिळवून त्याच्या जोडणीवर बनावट पाकिटांचा भडिमार करू लागले. स्काइपने पत्ता मुळातच झाकून ठेवण्याची व्यवस्था केली ती थेट जानेवारी २०१६ मध्ये. इशारा मिळाल्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ! ती सेवाही ५ मे २०२५ रोजी बंद झाली.

‘टेलिग्राम’चे प्रकरण आणखी बोलके आहे. त्यात थेट कॉल ‘सर्वांशी’, ‘माझ्या यादीतील लोकांशी’ किंवा ‘कोणाशीही नाही’ असे तीन पर्याय फोनवर होते. संगणकावरील आवृत्तीत मात्र तिसरा पर्यायच नव्हता. त्यामुळे तेथून बोलणाऱ्याचा पत्ता उघडा पडत होता. २०१८ मध्ये धीरज मिश्रा या भारतीय सुरक्षा संशोधकाने ही उणीव दाखवून दिली. कंपनीने ती दुरुस्त केली आणि त्यांना दोन हजार युरोंचे बक्षीस दिले.

ज्या माणसाला आपण ओळखतो, ज्याला आपले घर ठाऊक आहे, त्याच्याशी बोलताना या साऱ्याची फिकीर करण्याचे कारण नाही. विट्याची आई कोइमतूरच्या गलाई दुकानातील मुलाशी बोलत असेल, तर पत्ता दिसला काय आणि न दिसला काय. परंतु सासरच्या जाचामुळे घर सोडून दुसऱ्या गावी राहणारी स्त्री, नोकरीच्या जाहिरातीवरून अनोळखी माणसाशी बोलणारा तरुण, जुनी दुचाकी विकायला काढून दिवसाला वीस कॉल घेणारा विक्रेता, बातमीचा स्रोत सांभाळणारा पत्रकार, यांची गोष्ट वेगळी. सुटी संपवून ठाण्यावर परतलेल्या जवानाने फोनवर काय वापरावे याचे नियम सैन्याचे स्वतःचे असतात आणि ते कोणत्याही बटणापेक्षा वरचे आहेत.

झाकण्याची किंमत

व्हॉट्सअ‍ॅपमधील हे बटण सुरू केले, की प्रत्येक कॉल कंपनीच्या मध्यस्थ संगणकामार्फत जातो. समोरच्याला त्या संगणकाचा पत्ता दिसतो, आपला नाही. ‘सिग्नल’मध्ये हीच सोय ‘प्रायव्हसी’तील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’खाली ‘ऑलवेज रिले कॉल्स’ या नावाने आहे. टेलिग्राममध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘कॉल्स’ आणि त्यात ‘पीअर-टू-पीअर’ येथे ‘नोबडी’ निवडावे लागते. संभाषणाचे कुलूप या फेरफाराने निघत नाही. व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नलवर मध्यस्थालाही ते ऐकता येत नाही.

अशी सोय असताना कंपन्या ती आधीपासूनच सुरू का ठेवत नाहीत? आवाजाचा दर्जा घसरू शकतो, असे त्यांचे म्हणणे असते. ते खोटे नाही. सर्वांच्या बाबतीत सारखे खरेही नाही. बोलणे सुरळीत वाटण्यासाठी आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. काचतंतूमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. साताऱ्याहून सांगली रस्त्याने जेमतेम सव्वाशे किलोमीटर. पण दोघांच्या कंपन्या वेगळ्या असतील, तर त्यांची पाकिटे कऱ्हाडमार्गे जात नाहीत. दोन कंपन्यांची जाळी जिथे एकमेकांना भेटतात तिथपर्यंत, म्हणजे बहुधा मुंबईपर्यंत जाऊन, ती परत येतात. अर्थात ‘थेट’ कॉलही मुंबई पाहूनच येतो! मध्यस्थ संगणक मुंबईतच असेल, तर जादा विलंब एक-दोन मिलिसेकंदांचा, कानाला न कळणारा. तो सिंगापूरला असेल, तर जाऊन-येऊन सुमारे ४० मिलिसेकंद वाढतात. तेही मर्यादेत बसते, परंतु जेथे जोडणी मुळातच अडखळत चालते तेथे एवढी भर जाणवू शकते. डोंगराआडच्या वाडीतून बोलणाऱ्याने दोन्ही प्रकारे बोलून पाहावे आणि ठरवावे. मध्यस्थ संगणक चालवण्याचा आणि त्यातून वाहणाऱ्या पाकिटांचा खर्च कंपनीच्या माथी पडतो, ही गोष्ट मात्र कंपन्या तितक्या मोकळेपणाने सांगत नाहीत.

समोरच्यापासून पत्ता झाकला, म्हणजे तो सर्वांपासून झाकला गेला असे नाही. अ‍ॅपच्या कंपनीला दोघांचेही पत्ते दिसतात. इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे कोणत्या ग्राहकाला कोणत्या वेळी कोणता पत्ता दिला होता, याची नोंद राहते. पोलीस कायदेशीर मार्गाने ती मागवू शकतात. ‘व्हीपीएन’ सेवा घेऊन पत्ता बदलणाऱ्यांनीही एप्रिल २०२२ मधील ‘सर्ट-इन’चे निर्देश लक्षात घ्यावेत, त्यानुसार अशा सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवायची आहे.

या नोंदींवर किती विसंबावे, याचा महाराष्ट्राला एक कटू अनुभव आहे. २००७ मध्ये ‘ऑर्कुट’वरील छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराचा तपास पुणे पोलीस करीत होते. मजकूर ज्या आयपी पत्त्यावरून टाकला गेला, तो त्या वेळी कोणाकडे होता, अशी विचारणा सेवा देणाऱ्या कंपनीकडे झाली. कंपनीने एक नाव कळवले आणि बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक झाली. माहिती चुकीची होती. त्या पत्त्याशी त्याचा संबंध नव्हता. हे उघड होईपर्यंत सुमारे ५० दिवस तो येरवड्याच्या तुरुंगात होता.

त्या काळी घरोघरच्या जोडणीला निदान काही वेळापुरता तरी एक स्वतंत्र पत्ता मिळत असे. आज एका पत्त्यामागे शेकडो मोबाइल असू शकतात. अशा वेळी केवळ पत्ता आणि तारीख पुरत नाही. सेकंदापर्यंतची वेळ आणि ‘पोर्ट’ क्रमांक, म्हणजे वाड्यातल्या बिऱ्हाडाचा क्रमांक, हाती असल्याखेरीज नेमका ग्राहक ठरवता येत नाही. ग्राहक ठरला तरी त्या क्षणी फोन कोणाच्या हातात होता, हा प्रश्न शिल्लक राहतो. आपल्या वायफायचा सांकेतिक शब्द शेजाऱ्यापाजाऱ्यांना खुशाल देणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे. त्यांच्या वापराची नोंद आपल्या नावावर होते.

‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली लुबाडणाऱ्यांपुढे हे बटण निरुपयोगी आहे. पोलिसांचा गणवेश चढवून व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास धमकावणारा माणूस आयपी पत्त्याच्या शोधात नसतो, त्याला बँक खाते हवे असते. या फसवणुकीचा उल्लेख पंतप्रधान नरेंद्र मोदी यांना २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये करावा लागला, यावरून तिची व्याप्ती लक्षात यावी. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपमधील दुसरी सोय अधिक कामाची. ‘प्रायव्हसी’तील ‘कॉल्स’मध्ये ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ सुरू केले, की यादीत नसलेल्या क्रमांकाचा कॉल आला तरी घंटा वाजत नाही. तो नोंदीत मात्र दिसतो. जून २०२३ पासून ही सोय आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ‘स्क्रीन शेअरिंग’बाबत मात्र सावध राहावे. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपला पडदा त्याला दाखवला, तर बँकेचे संदेश आणि त्यातील सांकेतिक आकडे त्याला आपल्याबरोबरच वाचता येतात.

फसवणूक झालीच, तर १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. तक्रारदाराने समोरच्याचा आयपी पत्ता शोधून आणण्याची गरज नसते. कॉलची तारीख, नेमकी वेळ, दिसलेला क्रमांक, पडद्याची छायाचित्रे आणि पैसे गेले असल्यास व्यवहाराचा क्रमांक एवढे जपून ठेवावे आणि त्या क्रमांकाबरोबरचे संभाषण पुसू नये.